न बांधलेल्या इमारतीचे चित्रकार

गावात ग्रामपंचायतीचे नवे कार्यालय उभारावयाचे असो, शाळेच्या वर्गखोल्या वाढवावयाच्या असोत, किंवा शहरातील एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास व्हावयाचा असो. पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वीच त्या इमारतीचे एक रंगीत चित्र लोकांसमोर येते. भूखंडाच्या कुंपणावर ते फलकरूपाने झळकते, सभेत पडद्यावर दाखविले जाते, माहितीपत्रकात छापले जाते. चित्रातील इमारत पूर्ण झालेली असते. तिच्या काचांत आकाश उतरलेले असते, पायऱ्यांवर माणसे असतात, अंगणात झाडांची सावली असते. यांतील काहीच अद्याप अस्तित्वात नाही, हे पाहणारा क्षणभर विसरून जातो.

हे छायाचित्र नव्हे, हे उघडच आहे. परंतु ते आपोआप तयार होते, संगणकाची कळ दाबली की बाहेर पडते, असा जो समज सर्वत्र आढळतो तोही खरा नाही. या चित्रामागे एक स्वतंत्र व्यवसाय आहे. इंग्रजीत या व्यावसायिकास ‘आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझर’ म्हणतात. मराठीत त्यास वास्तुदृश्यकार म्हणता येईल. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतून मात्र तो ‘थ्रीडीवाला’ या नावानेच ओळखला जातो आणि त्याच्या चित्रास ‘व्ह्यू’ म्हटले जाते.

वास्तुविशारदाचा आराखडा तीन प्रकारच्या रेखाटनांतून व्यक्त होतो: वरून पाहिलेला तलनकाशा, समोरून दिसणारी दर्शनी बाजू आणि इमारत उभी कापल्यास आतून दिसणारा छेद. अभियंता, ओव्हरसियर, गवंडी यांना ही भाषा कळते. ज्यांच्यासाठी इमारत बांधावयाची ते विद्यार्थी, रुग्ण, सभासद, ग्रामस्थ यांना ती बहुधा कळत नाही. छेद वाचून जिन्याखाली काळोख राहील की उजेड येईल हे ताडणे सामान्य माणसास शक्य नसते. निर्णय मात्र त्यानेच घ्यावयाचा असतो. ग्रामसभेत किंवा संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हात वर होतात ते बव्हंशी चित्राकडे पाहून. म्हणूनच हे चित्र कोण, कसे आणि कोणाच्या सांगण्यावरून काढतो याला महत्त्व आहे.

कुंचल्याचे दिवस

संगणकाच्या कितीतरी आधीपासून हा व्यवसाय चालत आला आहे. इंग्लंडमध्ये जॉन सोन या वास्तुविशारदासाठी जोसेफ गँडी हा चित्रकार वर्षानुवर्षे काम करीत होता. १८३० मध्ये त्याने बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचे एक विहंगम दृश्य काढले. त्यात छपरे उडालेली आणि भिंती ढासळलेल्या असल्याने ती उभी वास्तू एखाद्या प्राचीन अवशेषासारखी भासते. पण त्याच युक्तीने आतील सर्व दालनांची रचना पाहणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळते.

महाराष्ट्राशी याचा संबंध जुना आहे. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या रेल्वे स्थानकाचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. त्या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पुरे होण्यास १८८८ साल उजाडले. परंतु १८७८ मध्येच ॲक्सेल हेग या स्वीडनमध्ये जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये नाव मिळविलेल्या चित्रकाराने तिचे जलरंगांतील सुप्रसिद्ध चित्र तयार केले होते. मुंबईकरांना जी इमारत पाहावयास दहा वर्षे लागली, ती कागदावर आधीच उभी होती.

मेरियन महोनी ग्रिफिन यांचे नाव या संदर्भात घेणे आवश्यक आहे. त्या स्वतः वास्तुविशारद होत्या. फ्रँक लॉइड राइट यांच्या कार्यालयातून बाहेर पडलेल्या अनेक नामांकित रेखाटनांमागे त्यांचा हात होता. ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीसाठी घेतलेली स्पर्धा १९१२ मध्ये त्यांचे पती वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी जिंकली, ती त्यांच्या आराखड्याइतकीच मेरियन यांनी काढलेल्या चित्रांच्या बळावर, असे जाणकार मानतात. पुढे हे दांपत्य लखनौस आले, तेथे काही इमारतींची कामे त्यांनी केली आणि १९३७ मध्ये वॉल्टर यांचे तेथेच निधन झाले. विजेता म्हणून नाव पतीचे राहिले. चित्रे काढणारीचे नाव बऱ्याच उशिरा लोकांना ठाऊक झाले.

शासनाच्या कामाशी संबंधित वाचकांना अमेरिकेतील ह्यू फेरिस यांचे उदाहरण अधिक रुचेल. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये इमारतींची उंची व आकारमान यांवर बंधने घालणारा नियम केला. उंची वाढत जाईल तसतशी इमारत रस्त्यापासून मागे सरकली पाहिजे, म्हणजे खाली ऊन व वारा पोहोचेल, असा त्याचा आशय होता. नियम कागदावर होता. त्यातून कोणत्या आकाराची इमारत निपजेल हे कोणाच्या डोळ्यांसमोर येत नव्हते. १९२२ मध्ये फेरिस यांनी वास्तुविशारद हार्वे कॉर्बेट यांच्यासमवेत चार चित्रांची मालिका केली. पहिल्या चित्रात नियमाने अनुज्ञेय असलेला संपूर्ण डोंगरासारखा आकार, आणि नंतरच्या प्रत्येक चित्रात तो थोडा थोडा कोरीत नेलेला. विकास नियंत्रण नियमावलीतील कलम सर्वांना समजेल अशा रीतीने मांडण्याचा यापेक्षा चांगला प्रयत्न क्वचितच झाला असेल.

यंत्राचे आगमन

ऑटोकॅड ही आरेखनाची संगणकीय प्रणाली १९८२ मध्ये बाजारात आली आणि ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर व ट्रेसिंग पेपर यांची सद्दी हळूहळू संपली. चित्राच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे संशोधन मात्र त्याच दशकात निराळ्या दिशेने चालू होते. प्रकाशाचा किरण उलट दिशेने, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून वस्तूपर्यंत आणि तेथून दिव्यापर्यंत, गणिताने शोधीत जावयाची पद्धत टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये पुढे विकसित केली. प्रकाश एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर कसा पसरतो याचे सर्वसाधारण समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये दिले. लाल फरशीलगतची पांढरी भिंत खालच्या बाजूस किंचित तांबूस दिसते, हे जलरंगात काम करणाऱ्या चित्रकारास नजरेने ठाऊक असे. आता ते यंत्रास गणिताने कळू लागले.

१९९० मध्ये थ्रीडी स्टुडिओ, २००० मध्ये स्केचअप, २००२ मध्ये बल्गेरियातील केऑस या संस्थेची व्ही-रे ही प्रणाली अशी साधने येत गेली. ब्लेंडर ही प्रणालीही २००२ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या होतकरू तरुणास हे काम शिकता येऊ लागले, यात तिचा वाटा मोठा आहे.

चित्र कसे घडते

वास्तुदृश्यकाराकडे प्रथम वास्तुविशारदाची रेखाटने येतात. ती क्वचितच परिपूर्ण असतात. तलनकाशात खिडकी चार फुटांची आणि दर्शनी बाजूत तीच पाच फुटांची, असे प्रकार नित्याचे आहेत. रेखाटनांवरून संगणकात इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती उभी करताना असे मेळ न बसणारे सांधे प्रथम त्याच्याच लक्षात येतात. एखादी तुळई नेमकी दाराच्या चौकटीत उतरते आहे, किंवा जिन्यावरून चढणाऱ्या माणसाचे डोके वरच्या स्लॅबला लागणार आहे, हे दाखवून देणारा पहिला माणूस पुष्कळदा तोच असतो. त्याच्या कामाचा हा भाग कोणत्याही माहितीपत्रकात दिसत नाही; प्रत्यक्षात मात्र बांधकामातील तोडफोड वाचविणारा हाच भाग आहे.

प्रतिकृती तयार झाली की पाहण्याची जागा ठरवावयाची. जमिनीपासून सुमारे दीड-पावणेदोन मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर चित्र रस्त्यावरून चालणाऱ्यास दिसेल तसे येते. यानंतर रंग व साहित्य न भरता इमारतीचे एक पांढरे-करडे चित्र काढतात. अनुभवी माणसे याच चित्रावर सर्वाधिक वेळ घालवितात. कारण आकार, प्रमाण आणि सावली येथे जमली नाही तर पुढे कितीही सजावट केली तरी चित्र उभे राहत नाही.

मग येतो सूर्य. अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ दिली की संगणक सूर्याची जागा अचूक सांगतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र तो दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सावली जवळजवळ पायाखालीच पडते. उत्तराभिमुख भिंतीवर ऐन हिवाळ्यात सोनेरी ऊन पडलेले दाखविणारे चित्र सुंदर दिसेल. पण तसे ऊन त्या भिंतीस त्या ऋतूत कधीही लाभणार नाही. शाळेची वर्गखोली कोणत्या बाजूस असावी, व्हरांड्याचे छज्जे किती पुढे काढावेत, याचा निर्णय करताना ऋतूऋतूंतील असे चार व्ह्यू मागविले तर त्यांचा मोठा उपयोग होतो. हे अद्याप फारसे कोणी मागवीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

त्यानंतर साहित्य. कोकणातील जांभा, देशावरचा काळा पाषाण, मंगळुरी कौले, सिमेंटचा गिलावा या प्रत्येकावर प्रकाश वेगळा वागतो. परदेशी ग्रंथालयांतून मिळणारी तयार दगडांची चित्रे येथे उपयोगी पडत नाहीत. चांगला कलाकार स्वतः भिंतींची छायाचित्रे घेऊन संग्रह करतो. झाडांचे तसेच. विलायती मेपल सहज उपलब्ध असतो. आपला पिंपळ किंवा करंज शोधावा लागतो. पूर्वी अनेक व्ह्यूंतून तालुक्याच्या रुग्णालयासमोर ओव्हरकोट घातलेली गोरी माणसे फिरताना दिसत, त्याचे कारण हेच. आता नऊवारीतील आजी आणि दप्तर पाठीवर घेतलेली मुले चित्रांत येऊ लागली आहेत.

रात्रीचा उद्योग

हा व्यवसाय बाहेरून जितका रंगीत दिसतो तितका सुखाचा नाही. चित्र ही साखळीतील शेवटची कडी असते. आराखडा लांबला, मंजुरी अडली, मालकाने मत बदलले, तरी सादरीकरणाची तारीख तीच राहते. आधीच्या सर्वांनी घेतलेला वेळ शेवटच्या माणसाच्या रात्रीतून वसूल होतो. सायंकाळी सूचना येतात आणि सकाळी चित्र हवे असते. कामाचा मोबदला बहुधा दर व्ह्यूमागे ठरतो. ‘करेक्शन’ किती वेळा करावयाचे हे आधी लेखी ठरले नसेल तर तोच व्ह्यू सातव्यांदा बदलण्याचे पैसे मागणे अवघड होऊन बसते.

चलच्चित्राचा हिशेब पाहिला म्हणजे यंत्रावरील भार लक्षात येईल. एका सेकंदास २५ चित्रे धरली तर एका मिनिटास १,५०० चित्रे लागतात. प्रत्येक चित्रास यंत्राची १० मिनिटे लागली तरी एकूण २५० तास, म्हणजे एका यंत्रावर अहोरात्र दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. २५ यंत्रे जोडली तर हेच काम १० तासांत होते. अशा जोडलेल्या यंत्रांच्या समूहास ‘रेंडर फार्म’ म्हणतात. लहान गावातून एकट्याने काम करणाऱ्यास हे परवडत नाही; तो रात्री यंत्र चालू ठेवून झोपतो, आणि पहाटे वीज गेली की जागा होतो.

मुंबई-पुण्याची अनेक मंडळी परदेशांतील वास्तुविशारदांसाठीही हे काम करतात. भारताचे घड्याळ लंडनच्या साडेचार किंवा साडेपाच तास पुढे आणि न्यूयॉर्कच्या साडेनऊ किंवा साडेदहा तास पुढे असते. तिकडील कार्यालय संध्याकाळी रेखाटने पाठविते आणि सकाळी दार उघडते तेव्हा चित्र आलेले असते. या सोयीची किंमत कोणाच्या डोळ्यांनी, मानेने आणि मनगटाने मोजली जाते, याची नोंद कोठेही होत नाही.

चित्र आणि वचन

सर्वांत नाजूक प्रश्न खरेपणाचा आहे. चित्रात खोटे न सांगताही दिशाभूल करता येते. दहा फूट बाय बारा फुटांची खोली रुंद भिंगाच्या कॅमेऱ्याने, तोही भिंतीपलीकडे उभा करून पाहिली, तर दिवाणखान्यासारखी भासते. पलंग आणि सोफा थोडे लहान केले की ती आणखी मोठी होते. कुंपणालगतचा विजेचा खांब, शेजारची चाळ, समोरचा नाला चित्रातून गाळले जातात. इमारतीवरील पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याचे नळ, खिडक्यांच्या जाळ्या, दोरीवरचे कपडे यांना तर जणू प्रवेशबंदीच असते. आज लावलेले रोप वीस वर्षांनंतर जसे दिसेल तसे पहिल्याच दिवशी दाखविले जाते. यांतील बहुतेक गोष्टी कलाकार स्वतः होऊन करीत नाही. त्या त्याच्याकडून करून घेतल्या जातात. नकार दिल्यास पुढचे काम दुसऱ्याकडे जाते. या पेचात सापडलेल्या तरुणांना दोष देणे सोपे आहे. परंतु चित्र मागविणाऱ्याचे उत्तरदायित्व त्याहून मोठे आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये जाहिरातीची व्याख्या व्यापक ठेवण्यात आली असून कोणत्याही स्वरूपातील प्रसिद्धीचा तीत समावेश होतो. त्याच्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांवर विसंबून एखाद्याने रक्कम भरली आणि त्यातील चुकीच्या वा खोट्या विधानामुळे त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने त्याची भरपाई केली पाहिजे. ग्राहकास प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असल्यास त्याला पूर्ण रक्कम व्याज व भरपाईसह परत मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात यासाठी ‘महारेरा’ हे प्राधिकरण २०१७ पासून कार्यरत आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक करण्यात आले असून, त्यावरून नोंदणीची माहिती कोणालाही पाहता येते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ कल्पनादर्शक’ एवढे छापले की सर्व जबाबदारी संपली, असे कोणी समजू नये.

लंडनमध्ये याहून पुढची पद्धत आहे. शहरातील महत्त्वाच्या दृश्यांवर परिणाम करणाऱ्या उंच इमारतींसाठी तेथे प्रमाणित दृश्ये मागविण्यात येतात. कॅमेरा उभा केलेल्या जागेची भूमापनाने नोंद होते, छायाचित्रातील काही पक्क्या खुणा मोजल्या जातात आणि त्यांच्याशी जुळवूनच नियोजित इमारत चित्रात बसविली जाते. २०१२ च्या मार्गदर्शिकेत अशा दृश्यांच्या पायऱ्याही आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर केवळ जागा व आकारमान दाखवितात, तर सर्वांत वरच्या पायरीवर बांधकामसाहित्यही दाखविले जाते. अशा कामात कलाकाराची हौस बाजूस राहते आणि तो जवळजवळ मोजणीदाराच्या भूमिकेत जातो.

आपल्याकडे एवढी यंत्रणा नसली तरी सभेत चित्र समोर आले असता पंचायत सदस्याने किंवा अधिकाऱ्याने काही साधे प्रश्न विचारावेत. हे दृश्य कोठे उभे राहून दिसेल? उत्तर दिशा कोणती, आणि ऊन कोणत्या महिन्याचे? शेजारची घरे व रस्ता प्रत्यक्ष आहेत तसेच घेतले आहेत काय? दाखविलेली झाडे, फरसबंदी व दिवे अंदाजपत्रकात धरले आहेत काय? शेवटच्या प्रश्नावर सभागृहात बहुधा शांतता पसरते.

शिक्षण, हक्क आणि नवे यंत्र

वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करण्यास १९७२ च्या अधिनियमान्वये नोंदणी लागते. वास्तुदृश्यकारास अशी कोणतीही अट नाही. या क्षेत्रात वास्तुशास्त्राचे पदवीधर येतात, उपयोजित कलेचे विद्यार्थी येतात, तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलेही येतात. शिक्षकांनी ध्यानात घ्यावे की, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेसाठी शाळेत जी भूमिती व जे वस्तुचित्रण शिकविले जाते, त्याचाच हा पुढचा भाग आहे. प्रणाली सहा महिन्यांत शिकता येते. सावली पाहण्यास शिकणे मात्र त्याहून लांबचे काम आहे.

हक्कांच्या बाबतीत जाण कमी आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये, नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्क, अन्यथा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याचा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने मात्र चित्र कोठे व किती काळ वापरले जाईल हे लेखी ठरवून घेणे इष्ट. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी आपण त्या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क कलम ५७ ने कर्त्याकडेच ठेवला आहे. तो बजावल्याचे क्वचितच दिसते. फलकावर बांधकाम व्यावसायिकाचे, वास्तुविशारदाचे, कधी अर्थपुरवठा करणाऱ्या बँकेचेही नाव असते, चित्रकाराचे नसते.

२०२२ पासून, चार शब्द लिहून दिले की चित्र काढून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या आहेत. कल्पना सुचविण्याच्या टप्प्यावर त्यांचा वापर वाढला असून, नवशिक्यांकडे येणारी लहानसहान कामे त्यांनी हिरावली जातील अशी भीती आहे. ती अगदीच निराधार नाही. तथापि या प्रणालींना मोजमाप कळत नाही. दोन बाजूंनी काढलेल्या एकाच इमारतीच्या चित्रांत खिडक्यांची संख्या बदलते, जिना भिंतीत शिरतो, खांब अधांतरी राहतो. मंजूर नकाशाशी तंतोतंत जुळणारे चित्र हवे असेल तर प्रतिकृती आजही मोजून-मापून, रेखाटनांवरूनच उभी करावी लागते. यास्तव या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्याने कामाचा नमुनासंग्रह तयार करताना केवळ सजविलेली अंतिम चित्रे न ठेवता मूळ रेखाटन, रंगहीन पांढरे चित्र आणि इमारत बांधून झाली असल्यास त्याच जागेवरून घेतलेले छायाचित्र, ही तिन्ही शेजारी शेजारी लावावीत. काम देणाऱ्यास उमेदवाराची पारख करण्यास तेवढी तीन पाने पुरतात.